नरक्याची ढलपी आणि सलाईनची बाटली



गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला, चहा उकळत होता, तेवढ्यात आमच्या गटातल्या एक मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. पिशवीतून त्यांनी दोन वस्तू काढल्या. एक हॉस्पिटलची फाइल, दुसरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाकडाची ढलपी. म्हणाल्या, "ताई, तू शिकलेली हाईस. ह्यातलं खरं औषध कुठलं, एवढं मला सांग."

मावशींना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. तो यकृतापर्यंत गेलाय. दर पंधरा दिवसांनी शहरात जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं, असं चाललंय. शेवटच्या डोसनंतर त्यांना चार दिवस जुलाब झाले. अंगात त्राण राहिलं नाही, पण लाजेपायी हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही, हॉस्पिटललाही कळवलं नाही. मग कुणीतरी ढलपी आणून दिली. नरक्याचं लाकूड आहे, कॅन्सरवरचं आहे, उगाळून काढा घ्या, ते केमिकल सोडा. आणि वर पुरावा काय? "औषध नसतं, तर चोर रातोरात हेच लाकूड का नेतील?"

पुरावा अगदीच खोटा नव्हता, खरी अडचण तीच होती. घाटमाथ्यावरच्या आपल्या सगळ्यांना नरक्या माहीत आहे. पावसाळ्यात फुलतो, फुलांना घाण वास येतो, म्हणून हे नाव. गुरंही त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. वनखात्याने पकडलेल्या टेम्पोच्या बातमीत खैराबरोबर याचंही नाव येतं. सरपणालासुद्धा ज्याचं कौतुक नाही, त्याची चोरी का व्हावी?

मी काही डॉक्टर नाही. माझा बीएचा विषय इतिहास. पण मावशींच्या फाइलमधलं औषधाचं नाव मी वहीत उतरवून घेतलं, इरिनोटेकॅन, आणि ते कुठून आलं याचा माग काढत गेले. माग काढता काढता एका टोकाला चीन, दुसऱ्या टोकाला जपान आणि मध्ये चक्क आपलं नंदुरबार आणि गोरेगाव निघालं. तोच इतिहास आज सांगते.

चीनमध्ये एक उंच झाड आहे. त्याच्या चिनी नावाचा अर्थ होतो आनंदाचं झाड. शास्त्रीय नाव कॅम्पटोथेका. याची काही झाडं अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सरकारी बागेत लावली होती. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्याला संधिवातावरचं कॉर्टिसोन स्वस्तात करायचं होतं. त्यासाठी कच्चा माल कुठल्या वनस्पतीत मिळतो, हे पाहायला हजारो झाडांचे अर्क काढले जात होते. फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ हे काम बघत. कॅन्सरचा त्यांचा काही संबंध नव्हता.

तेवढ्यात राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचे जोनाथन हार्टवेल यांनी वॉल यांच्याकडे जपून ठेवलेले अर्क मागितले. वॉल यांनी हजारभर अर्क पाठवले. उंदरांवरच्या चाचणीत त्यातला एकच ठळकपणे उठून दिसला, चिकोच्या त्या झाडाचा. म्हणजे कॉर्टिसोन शोधायला निघाले आणि हाती कॅन्सरचं औषध लागलं. आपल्या दारातल्या सदाफुलीचंही असंच झालं होतं. ती मधुमेहावर चालते का हे कॅनडात तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्यातून रक्ताच्या कॅन्सरवरची औषधं निघाली. (सदाफुलीची पानं साखरेसाठी चावणाऱ्या कितीतरी जणी हे आता ऐकत असतील. त्यांनी ही ओळ दोनदा ऐकावी.)

वॉल यांना या झाडावर काम करायचं होतं, पण शेती खात्यात ते जमेना. १९६० साली ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. १९६२ मध्ये त्यांना एक जोडीदार मिळाला. नाव मनसुख वाणी.

हे वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ सालचा जन्म. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात पदव्या घेतल्या आणि पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून पीएचडी केली. वॉल आणि वाणी मग जन्मभर एकत्र काम करत राहिले. झाडाचं लाकूड आणि साल दळायची, द्रावणात भिजवायची, अर्क उतरवायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासणीला पाठवायचा. ज्यात गुण दिसेल तो ठेवायचा, बाकी बाजूला. पुन्हा त्याचे भाग. आपण धान्य पाखडतो तसंच, फरक एवढाच की सूप एकदा पाखडून संपत नाही. शेवटी हाती आली पिवळसर स्फटिकांची चिमूट. तिचं नाव कॅम्पटोथेसिन. तिची रचना त्यांनी १९६६ साली जाहीर केली. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, याच दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल शोधल्याचं जाहीर केलं. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर आज ते सगळीकडे वापरतात. एका माणसाच्या हातून दोन औषधं! डॉ. वाणी २०२० साली ९५व्या वर्षी गेले. नंदुरबारच्या शाळेत त्यांचा धडा आहे का, मला माहीत नाही. असायला हवा.

आता गोष्टीचा वाईट भाग. पिवळी चिमूट सापडली खरी, पण ती पाण्यात विरघळेना. न विरघळणारी वस्तू शिरेतून देणार कशी? म्हणून तिचं रसायन थोडं बदलून तिचा सोडियम क्षार केला. तो पाण्यात विरघळला. १९७०च्या सुमारास तो माणसांना देऊन पाहिला. रुग्णांच्या रक्तातल्या पेशी घटल्या, जुलाब लागले आणि लघवीतून रक्त जाऊ लागलं. कारण नंतर कळलं. क्षार करताना त्या रसायनातलं एक कडं उघडलं जातं. कडं उघडलं की औषधाचा गुण बराचसा जातो. पण मूत्राशयात लघवी आंबट असली की कडं परत मिटतं, आणि मग ते जालीम होऊन तिथल्याच अस्तराला जाळतं. जिथं हवं तिथं गुण नाही, जिथं नको तिथं घात. १९७२ मध्ये चाचण्या थांबवल्या. झाडाची गोष्ट तिथं संपल्यातच जमा होती.

आणि बघा, त्याच १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी आपल्या पश्चिम घाटातल्या एका झाडाचं रसायन तपासून प्रसिद्ध केलं. झाडाचं तेव्हाचं शास्त्रीय नाव मापिया फीटिडा, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच घाण वासाचं. आपला नरक्या! त्यात त्यांना तेच कॅम्पटोथेसिन सापडलं, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. सुकलेल्या एक किलो लाकडात साधारण एक ग्रॅम. चिनी झाड आणि नरक्या यांचं जवळचं नातं काही नाही, रूपही वेगळं. पण दोघांच्या अंगात विष एकच.

मावशींच्या चोरीच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथं मिळालं. नरक्यात खरंच औषधाचा कच्चा माल आहे. पुढं १९९०च्या दशकात मागणी वाढली तशी घाटातली झाडं तुटू लागली. नुसता बुंधा तोडला तर नरक्या खालून फुटतो, पण मुळातही माल असतो म्हणून लोकांनी मुळंसुद्धा उपटली. उपटलेल्या झाडाला फुटवा कुठला? ज्या गड्याने डोंगर चढून मोळी आणली त्याच्या हाती रोजंदारी पडली, आणि पकडला गेला तर केसही त्याच्यावरच. मोळी कुठल्या देशात गेली हे त्याला कधी कळलं नाही. मला याचा राग येतो, तो इथं लपवत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर असं. १९८५ साली अमेरिकेत लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रसायन नेमकं काय करतं ते शोधून काढलं. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांची लांबच लांब दोरी असते, दोन पदरांची, पीळ घातलेली. पेशीची दुसरी पेशी होताना ही दोरी उलगडावी लागते. चऱ्हाटाचे दोन पदर तुम्ही एका टोकाने ओढून वेगळे करा, पुढच्या भागात पीळ घट्ट होत जातो आणि गुंता होतो. तसंच इथं. मग पेशी काय करते? तिच्याकडे एक कारागीर आहे. तो एक पदर कापतो, पीळ सैल सोडतो आणि पदर परत जोडतो. नरक्यातलं रसायन नेमकं कापल्यानंतर आणि जोडण्याआधी या कारागिराचा हात धरून ठेवतं. दोरी तुटलेली राहते. उलगडत येणारी पेशी त्या जागी येऊन आदळते आणि मरते.

कॅन्सरच्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणून मार त्यांना जास्त बसतो. पण आपल्या आतड्याचं अस्तर, रक्त तयार करणारा मगज, केसांची मुळं याही पेशी भराभर वाढणाऱ्याच. त्यांनाही मार बसतो. मावशींचे जुलाब, गळलेले केस, उतरलेलं रक्त, सगळं तिथून आलेलं.

किल्ली सापडल्यावर पडून राहिलेल्या रसायनाकडे लोक परत वळले. जपानमध्ये याकुल्ट कंपनीचे शास्त्रज्ञ त्याआधीच कामाला लागले होते. हो, तीच याकुल्ट, जिची दह्यासारख्या पेयाची छोटी बाटली शहरातल्या दुकानात मिळते. त्यांनी कॅम्पटोथेसिनला एक जादा तुकडा असा जोडला की ते पाण्यात विरघळेल आणि त्याचं कडंही मिटलेलं राहील. शरीरात, मुख्यतः यकृतात, तो तुकडा गळतो आणि खरं औषध मोकळं होतं. हेच इरिनोटेकॅन. १९९४ साली जपानने त्याला परवानगी दिली. अमेरिकेने १९९६ मध्ये दिली, आणि ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी. तोवर या आजारावर मुख्य आधार एकाच औषधाचा होता, १९५७ साली निघालेल्या फाइव्ह-एफयूचा. ते थकलं की डॉक्टरांच्या हाती फारसं काही उरत नसे.

१९९८ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी एक हिशेब मांडला. फाइव्ह-एफयू चालेनासं झालेले रुग्ण त्यांनी दोन गटांत वाटले. एका गटाला फक्त दुखणं कमी करणारे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत इरिनोटेकॅन. वर्षाअखेरीस पहिल्या गटात शंभरातले १४ जिवंत होते, दुसऱ्या गटात ३६. हे आकडे मी मावशींना जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हंजी सगळी बरी न्हाई झाली." नाही झाली. पसरलेल्या आजारात हे औषध बहुतेकांना वेळ देतं, कायमचं बरं करणं क्वचित. पण ज्या बाईला लेकीचं लग्न बघायचंय, तिच्या लेखी १४ आणि ३६ यांत फार अंतर आहे. आता ते दुसऱ्या औषधांच्या जोडीनं, आधीपासूनच देतात. २०१५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

तर मावशींच्या मांडीवर एका बाजूला फाइल होती, दुसऱ्या बाजूला ढलपी, आणि दोन्हींत मुळात एकच रसायन. 'केमिकल' म्हणून त्या जे सोडायला निघाल्या होत्या, तो झाडपालाच होता. फक्त तीस वर्षं निवडून, मोजून, तपासून घेतलेला. आणि ढलपीतही केमिकलच होतं, न मोजलेलं.

काढ्याचं काय, हे त्यांना नीट समजावून सांगावं लागलं. पहिली गोष्ट, हे रसायन पाण्यात विरघळत नाही. त्याच एका अडचणीपायी मोठमोठे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं अडले, आणि आपण त्याचा पाण्यात काढा करायला निघालो. किती उतरेल कुणी सांगू शकत नाही. झाडागणिक, फांदी की मूळ यागणिक प्रमाण बदलतं. काहीच नाही उतरलं तर मावशींचे महिने वाया. उतरलं तर मोजमाप नसलेलं विष, तेही आधीच्या डोसवर चढवलेलं. हॉस्पिटलात उंची-वजनावरून मात्रा काढतात, प्रत्येक वेळी आधी रक्त तपासतात, पेशी कमी असल्या तर डोस पुढं ढकलतात. काही जणांच्या यकृताला हे औषध बाहेर टाकायला जमत नाही. त्यांच्यासाठी मात्रा कमी करावी लागते. काढ्याच्या पेल्याला हे कसं कळणार?

दुसरी गोष्ट माझ्यासाठीही नवी होती. युरोपात मन उदास असलं की सेंट जॉन्स वर्ट नावाची एक रानवनस्पती घेतात. तिकडची घरगुती जडीबुटीच म्हणा. २००२ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी पाच रुग्णांवर तपासून दाखवलं की इरिनोटेकॅनसोबत ही वनस्पती घेतली तर रक्तातलं खरं औषध ४२ टक्क्यांनी घटतं. यकृत चेकाळून औषध लवकर निकाली काढतं. म्हणजे सोबत घेतलेला निरुपद्रवी पालाही सलाईनच्या बाटलीचा निम्मा गुण खाऊ शकतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून चूर्ण, काढा, रस, जे काही घेत असाल ते डॉक्टरांसमोर बोला. रागावले तर रागावू द्या.

बैठकीत एकीने विचारलं, मग हळद? हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळांत भरपूर काम झालंय. काचेच्या बशीत ते कॅन्सरच्या पेशींना अडवतं. पण पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं, आणि आतड्याच्या कॅन्सरवरचा इलाज म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही. भाजीत घाला की, कोण नको म्हणतंय? वॉल आणि वाणी यांच्यासारखे लोक हजार अर्क तपासतात तेव्हा एखादा पुढं जातो, आणि तोही कधीकधी १९७२ सारखा मध्येच पडतो.

एक गोष्ट सांगायला जड जाते. मावशींना दोन वर्षं शौचातून रक्त जात होतं. त्यांनी ते मूळव्याध समजून घेतलं. बाजारात एकाकडून पुड्या घेतल्या, तिखट सोडलं, आणि घरात बोलल्या नाहीत. सुनेसमोर असलं कसं बोलायचं? आतड्याचा हा आजार आतल्या बाजूला असतानाच सापडला, तर मुख्य इलाज शस्त्रक्रियेचा, आणि कितीतरी जणी त्यातून पूर्ण बऱ्या होतात. तेव्हा इरिनोटेकॅनची गरजही पडत नाही. रक्त जाणं, शौचाची सवय बदलणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होऊन धाप लागणं, यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर आशाताईला सांगा, नाहीतर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ती मूळव्याधच निघेल, बहुतेक वेळा निघते. पण निघाली हे डॉक्टरांनी सांगू दे, पुडीवाल्यानं नको.

मावशींना मी त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन लावून दिला. जुलाबाचं ऐकून तिथल्या सिस्टरनी आधी रागावलं, मग नीट सांगितलं की या औषधानंतर जुलाब लागले तर त्याच दिवशी कळवायचं असतं. त्यावरच्या गोळ्या फाइलच्या मागच्या पाकिटात पहिल्यापासून होत्या. मावशींना त्या कशाच्या हे कुणी समजेल असं सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली. यावेळी जुलाब झाले, पण एकच दिवस. फुले योजनेत नाव असल्यामुळे औषधाचा खर्च नाही, गाडीभाड्याचं गटाने बघायचं ठरवलंय, आणि दर डोसला दोघी जणी आळीपाळीने सोबत जातात.

ढलपी मावशींनी माझ्याकडेच ठेवलीय. ती कुठून आली हे मी विचारलं नाही. रोपवाटिका चालवणाऱ्या आमच्या दुसऱ्या गटाने मात्र वनरक्षकांना विचारून यंदा पिकलेल्या जांभळ्या फळांच्या बिया गोळा केल्या. दोन वाफे पेरलेत. उगवण सावकाश आहे, पण पहिल्या वाफ्यात कोंब दिसायला लागलेत.